युनिक्स सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनसाठी पुस्तकं कशी निवडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेकडच्या पतसंस्था, शीतगृहं, साखर कारखाने आणि हॉस्पिटलं यांच्यापैकी बऱ्याच ठिकाणी एखादा तरी लिनक्स (युनिक्सच्या वळणाची ऑपरेटिंग सिस्टम) सर्व्हर चालू असतो. तो सांभाळणारा माणूस बहुधा एकटाच असतो आणि अडल्यावर विचारायला शेजारच्या टेबलावर कोणी नसतं. कॉलेज संपवून पुण्याला नोकरीच्या तयारीत असलेल्यांचंही असंच. दोघांचीही भिस्त पुस्तकांवर असते आणि चुकीचं पुस्तक घेतलं की पैशांबरोबर सहा महिनेही जातात. खालची उत्तरं या दोघांसाठी आहेत.

कमांड लाइन अजिबात येत नाही. पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?

विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन'. छापील दुसरी आवृत्ती २०१९ ची आहे. लेखकानेच पीडीएफ मोफत ठेवलेली असल्यामुळे आधी ती उतरवून घ्या. पन्नास पानं वाचून झाली आणि पुस्तक आवडलं, तरच छापील प्रत मागवा. फाइली, पाइप, परवानग्या, व्हीआय (टेक्स्ट एडिटर), रेग्युलर एक्स्प्रेशन आणि शेवटी शेल स्क्रिप्ट, असा त्याचा क्रम आहे. सर्व्हर कसा सांभाळायचा हे त्यात नाही, आणि पहिल्या पुस्तकात ते नसलेलंच बरं.

यातलं परवानग्यांचं प्रकरण मात्र घाईत उरकू नका. ६४० आणि ७५५ म्हणजे काय हे सगळे पाठ करतात, पण डिरेक्टरीवरच्या एक्स या परवानगीचा अर्थ विचारला की गडबडतात. वेब सर्व्हरवर फाइलची परवानगी ६४४ आहे, तरी ब्राउझरमध्ये ४०३ (प्रवेश नाकारला) येतंय, याचं नेहमीचं कारण वरच्या डिरेक्टरीत सापडतं. फाइल होममध्ये ठेवलेली असते, होमची परवानगी ७०० असते आणि वेब सर्व्हरच्या युजरला त्या डिरेक्टरीतून आतच जाता येत नाही. अशा वेळी बरेच जण वैतागून सगळ्याला ७७७ देऊन टाकतात. तसं करू नका. 'नेमआय -एल' या कमांडला फाइलचा पूर्ण मार्ग द्या, प्रत्येक पायरीची परवानगी एकाखाली एक दिसते आणि अडलंय कुठे ते लगेच कळतं.

त्यानंतर?

ब्रायन वॉर्ड यांचं 'हाऊ लिनक्स वर्क्स', तिसरी आवृत्ती, २०२१. पाचशेच्या आतली पानं आहेत. मशीन सुरू होताना कर्नल, इनिट, डिव्हाइस, डिस्क आणि नेटवर्क कोणत्या क्रमाने उभे राहतात, हे इतकं सरळ सांगणारं दुसरं पुस्तक पटकन सापडत नाही. पुढे बिघाड शोधताना हाच क्रम डोक्यात असावा लागतो.

सगळे 'नेमेथचं पुस्तक' म्हणतात, ते सुरुवातीलाच घ्यावं का?

ते म्हणजे एव्ही नेमेथ आणि सहलेखकांचं 'युनिक्स अँड लिनक्स सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हँडबुक'. पहिली आवृत्ती १९८९ ची, पाचवी २०१७ ची, पानं अकराशेच्या वर. या विषयावर एकच जाड पुस्तक घ्यायचं तर हेच घ्या, पण कमांड लाइनवर हात बसल्यावर. त्याआधी घेतलं तर शंभर पानांत दम लागतो आणि पुस्तक कपाटात जातं.

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं हे पुस्तक नाही. प्रोसेस, फाइलसिस्टम, सॉफ्टवेअर बसवणं, युजर, लॉगिंग, स्टोरेज, टीसीपी-आयपी आणि सिक्युरिटी ही प्रकरणं आधी घ्या. ईमेलचं प्रकरण खूप लांब आहे. स्वतःचा मेल सर्व्हर चालवायचा नसेल तर ते खुशाल सोडा. प्रिंटिंग आणि डेटा सेंटर गरज पडेल तेव्हा.

आवृत्ती निवडताना दोन गोष्टी पाहा. पाचवी आवृत्ती डेबियन-उबुंटू, रेड हॅट-सेंटओएस आणि फ्रीबीएसडी या सिस्टमवर आहे. सोलारिस, एचपी-यूएक्स आणि एआयएक्स ही कंपन्यांची युनिक्स हवी असतील तर २०१० ची चौथी आवृत्ती लागेल. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही: चौथ्या आवृत्तीत बॅकअपवर स्वतंत्र प्रकरण आहे, पाचवीत नाही. म्हणून जुन्या पुस्तकांत चौथी स्वस्तात मिळाली तर त्या प्रकरणासाठी जवळ ठेवावी.

बीएस्सी, बीसीए किंवा एमसीएला लावलेलं पुस्तक पुरणार नाही का?

कामापुरतं पुरत नाही, पण टाकूनही देऊ नका. सुमिताभ दास यांचं 'युनिक्स: कन्सेप्ट्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स' आपल्याकडे कॉलेजांत खूप चालतं. त्यातला शेल, ऑक, सेड आणि व्हीआयचा भाग आजही पक्का आहे. मॉरिस बाख यांचं १९८६ चं 'द डिझाइन ऑफ द युनिक्स ऑपरेटिंग सिस्टम' कर्नलच्या आतलं सांगतं. आयनोड (डिस्कवरची फाइलची नोंद), फोर्क, बफर कॅश समजून घ्यायला ते उत्तम आहे, पण सर्व्हर बंद पडला की काय करायचं हे त्यात शोधू नका. ते पुस्तक त्यासाठी लिहिलेलंच नाही. परीक्षेसाठी ही दोन वाचली असतील तर शॉट्स यांचा पहिला निम्मा भाग भरभर होईल.

पुस्तक किती जुनं चालतं?

पुस्तक जुनं आहे की नवं हे पाहण्यापेक्षा त्यातलं कोणतं प्रकरण जुनं झालंय ते पाहा. परवानग्या, प्रोसेस, सिग्नल, पाइप, लिंक, आयनोड, सबनेट, डीएनएसचं तत्त्व, शेलचं व्याकरण, हे तीस वर्षांत फारसं हललेलं नाही. ब्रायन कर्निगन आणि रॉब पाइक यांचं १९८४ चं 'द युनिक्स प्रोग्रॅमिंग एन्व्हायर्नमेंट' आजही वाचण्याजोगं आहे ते यामुळेच.

सर्व्हिस सुरू-बंद करणं, नेटवर्कची मांडणी, फायरवॉल, पॅकेज, वेळ जुळवणं आणि लॉग पाहणं, ही प्रकरणं मात्र झपाट्याने शिळी होतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये २०१४ साली आणि डेबियन ८ मध्ये २०१५ साली सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारी नवी व्यवस्था) आलं. त्याआधीच्या पुस्तकातलं 'सर्व्हिस' आणि 'सीएचकेकॉन्फिग'चं प्रकरण आज तसंच्या तसं वापरता येत नाही. 'आयएफकॉन्फिग'च्या जागी 'आयपी' आलं, आणि आजच्या बऱ्याच मिनिमल इन्स्टॉलमध्ये जुनी कमांड सापडतच नाही. रेड हॅट ८ मध्ये पॅकेज बसवणाऱ्या यमच्या मागे डीएनएफ आलं, वेळ जुळवणारं एनटीपीडी जाऊन क्रोनी राहिलं. रेड हॅट ९ मध्ये नेटवर्कच्या जुन्या स्क्रिप्टही गेल्या. उबुंटू सर्व्हरवर १८.०४ पासून नेटवर्कच्या मांडणीसाठी नेटप्लॅन आहे. तिथे जुन्या पुस्तकात पाहून 'इंटरफेसेस' फाइलमध्ये आयपी लिहिला तर काहीच होत नाही, एररसुद्धा येत नाही. शिकणारा तासन्‌तास स्वतःचीच चूक शोधत बसतो.

सेंटओएस म्हणजे रेड हॅटचाच मोफत अवतार; त्यावरची पुस्तकं जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला आणि ८ चा त्याआधीच, ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. आठवरचं पुस्तक असेल तर त्याची जागा घेणाऱ्या रॉकी किंवा अल्मा लिनक्सच्या आठव्या आवृत्तीवर त्यातला जवळजवळ सगळा सराव होतो. सहावरचं असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पुस्तक हातात आलं की ते चांगलं आहे की नाही, दहा मिनिटांत कसं ओळखायचं?

पुस्तकाच्या शेवटची शब्दसूची उघडा. अनुक्रमणिका पाहून अंदाज येत नाही. 'जर्नलसीटीएल', 'एलव्हीएम', 'एसई लिनक्स' किंवा 'अ‍ॅपआर्मर', 'क्रोनी' आणि 'ईडी२५५१९' हे शब्द शोधा. शेवटचा शब्द म्हणजे एसएसएच किल्लीचा प्रकार, ओपनएसएसएचमध्ये २०१४ साली आला. जे पुस्तक अजून डीएसए किल्ली करायला सांगतं ते परत ठेवा, कारण २०१५ पासून ओपनएसएसएच ती आपणहून स्वीकारत नाही.

मग बिघाडाचं एखादं पान शोधा. आमची आवडती कसोटी अशी: 'डीएफ' म्हणतंय डिस्क १०० टक्के भरली, आणि 'डीयू'ने बेरीज केली तर निम्मीसुद्धा भरत नाही. हे का होतं, ते पुस्तकात आहे का? एखाद्या प्रोग्रॅमने उघडून ठेवलेली लॉग फाइल कोणीतरी 'आरएम'ने उडवलेली असते. नाव गेलं, पण प्रोग्रॅमने फाइल धरून ठेवल्यामुळे जागा सुटलेली नसते. 'एलएसओएफ +एल१' ती फाइल दाखवतं आणि ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा मोकळी होते. याचा भाऊ म्हणावा असा दुसरा बिघाड आयनोड संपण्याचा: जागा दिसते, पण नवी फाइल होत नाही, आणि 'डीएफ -आय' केल्यावरच कारण कळतं. ही दोन्ही पानं ज्या पुस्तकात आहेत, त्याच्या लेखकाने सर्व्हर खरोखर सांभाळलेले आहेत असं समजा. नुसती कमांड आणि तिच्या ऑप्शनची यादी देणारं पुस्तक घ्यायची गरज नाही. ती यादी मॅन पेजमध्ये असतेच, शिवाय तुमच्या मशीनच्या आवृत्तीशी जुळणारी.

सांगलीत ही पुस्तकं मिळतात का? खर्च कसा कमी करायचा?

अभ्यासक्रमाची मिळतात, बाकीची बहुधा मागवावी लागतात. पुण्याला जाणं होणार असेल तर अप्पा बळवंत चौकात एक फेरी मारा; नवी आणि जुनी दोन्ही हातात घेऊन पाहता येतात आणि वरची सूचीची कसोटी तिथेच लावता येते. ओरायलीची बरीच पुस्तकं मुंबईच्या श्रॉफ पब्लिशर्सने भारतीय पुनर्मुद्रणात काढली आहेत, ती परदेशी प्रतीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. ऑनलाइन मागवताना आवृत्तीचा क्रमांक आणि आयएसबीएन दोन्ही जुळवून घ्या. चौथीचा फोटो आणि पाचवीचं नाव, किंवा त्याच्या उलट, असं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजच्या ग्रंथालयात ओळखीच्या विद्यार्थ्याबरोबर जाऊन आधी पुस्तक चाळून आलात तर सगळ्यात उत्तम.

तीन पुस्तकं एकदम घेऊ नका. एक संपलं की दुसरं.

मोफत काय काय आहे? त्यावरच भागेल का?

भागू शकतं, पण शिस्त लागते. 'द डेबियन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक' मोफत आहे आणि डेबियनवर 'डेबियन-हँडबुक' या पॅकेजमधून मशीनवरच बसवता येतं, म्हणजे इंटरनेट गेलं तरी हाताशी राहतं. 'फ्रीबीएसडी हँडबुक' हा मोफत दस्तऐवज कसा लिहावा याचा नमुनाच आहे; लिनक्सवाल्यांनीही त्यातलं झेडएफएस या फाइलसिस्टमचं प्रकरण वाचावं. रेड हॅटचे अधिकृत मार्गदर्शक आणि आर्च विकी हे संदर्भासाठी. मात्र जुने 'हाऊटू' नावाचे लेख शोधयंत्रात अजून वर येतात, त्यातले कित्येक वीस वर्षांपूर्वीचे आहेत. तारीख न पाहता त्यातली कमांड रूट म्हणून चालवू नका.

इंग्रजी कच्चं आहे. मराठीत काही आहे का?

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात आहेत. कमांडची ओळख, फाइलसिस्टम, परवानग्या इथपर्यंत ते नक्की नेतात. त्यापुढे इंग्रजीला पर्याय नाही, पण या पुस्तकांचं इंग्रजी कथा-कादंबरीसारखं अवघड नसतं. तेच चारशे-पाचशे शब्द फिरून फिरून येतात. वहीत डाव्या बाजूला एररची ओळ जशीच्या तशी लिहा, उजवीकडे तिचा अर्थ आणि उपाय मराठीत. दोन महिन्यांत ही वही कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उघडली जाते.

सरावासाठी मशीन कसं हवं?

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा, नाहीतर ६४ बिटचं मशीन सुरूच होणार नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन मशीन करा: रॉकी लिनक्सला २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क, डेबियनला १ जीबी रॅम आणि १५ जीबी डिस्क. रॉकीला ५-५ जीबीच्या दोन मोकळ्या डिस्क वेगळ्या जोडून ठेवा. एलव्हीएम आणि आरएआयडी (अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या पद्धती) यांचा सराव त्यांच्यावर होतो. प्रत्येक मशीनला दोन नेटवर्क कार्ड द्या, एक एनएटी आणि एक होस्ट-ओन्ली. पहिल्याने इंटरनेट मिळतं, दुसऱ्याने दोन्ही मशीन एकमेकांशी बोलतात. इन्स्टॉल झाल्याझाल्या पहिला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या. ग्राफिकल डेस्कटॉप बसवू नका.

जुना पीसी विकत घेऊन त्यावर शिकायचा विचार असेल तर प्रोसेसर आधी विचारा. रॉकी ९ ला एक्स८६-६४-व्ही२ (प्रोसेसरच्या क्षमतेची एक पातळी) लागतं. जुन्या बाजारातले कोर टू ड्युओ त्यात बसत नाहीत आणि सुरू होतानाच जीलिबसीची फेटल एरर देऊन थांबतात. रॉकी १० ला व्ही३ लागतं, म्हणजे इंटेलच्या चौथ्या पिढीच्या कोर आय-मालिकेपासून पुढचा प्रोसेसर. कोर टू ड्युओच हाती असेल तर त्यावर डेबियन टाका, छान चालतं.

नुसतं वाचून डोक्यात राहत नाही. वाचायची पद्धत काय?

प्रकरण वाचा, त्यातलं करून पाहा, मग मुद्दाम मोडा आणि पुस्तक मिटून दुरुस्त करा. स्टोरेजच्या प्रकरणाचं उदाहरण घ्या.

मोकळ्या डिस्कवर 'पीव्हीक्रिएट', मग 'व्हीजीक्रिएट', मग ३ जीबीचा 'एलव्हीक्रिएट', त्यावर एक्सएफएस. 'बीएलकेआयडी'ने यूयूआयडी (तिचा ओळख क्रमांक) काढा आणि 'एफएसटॅब'मध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याच्या फाइलमध्ये) ओळ लिहा. रीबूट करण्याआधी 'माउंट -ए' चालवून पाहा, हे कधीही चुकवू नका. सगळं बरोबर चाललं की स्नॅपशॉट घ्या आणि यूयूआयडीतलं एक अक्षर बदलून रीबूट करा. मशीन त्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहील आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागेल. पासवर्ड द्या, रूट फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती असेल तर 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' करा, ओळ दुरुस्त करा, रीबूट करा. उबुंटूवर रूटला पासवर्डच नसतो, त्यामुळे तिथे नुसतं एंटर दाबून आत शिरता येतं. तेही एकदा करून पाहा. ज्या डिस्कशिवाय मशीन सुरू व्हायला हरकत नाही तिच्या ओळीत 'नोफेल' लिहितात, ते का हे आता न सांगता समजेल.

एका प्रकरणाला आठवडा लागला तरी हरकत नाही.

बॅकअपसाठी वेगळं पुस्तक हवं का?

सांगलीत काम करणाऱ्याला तरी हवं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच तळमजल्यावर होती, त्यांचं दोन्ही एकदम जाण्याची वेळ होती. डब्ल्यू. कर्टिस प्रेस्टन यांचं २००७ चं 'बॅकअप अँड रिकव्हरी' उपकरणांच्या बाबतीत जुनं झालंय, पण काय, किती वेळा आणि कुठे ठेवायचं याचा विचार त्यातून शिकण्यासारखा आहे. २०२१ चं 'मॉडर्न डेटा प्रोटेक्शन' त्यांचंच आहे.

पुस्तक कुठलंही घ्या, त्यात पुढचं सांगितलंय का ते तपासा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. ती नदीकाठच्या दुसऱ्या पेठेत ठेवून उपयोग नाही. विटा, आटपाडी किंवा जतच्या शाखेत पाठवा. 'आरसिंक' डिलीटच्या ऑप्शनसकट रोज चालवणं म्हणजे बॅकअप नाही, कारण आज चुकून उडालेली फाइल रात्री तिकडूनही उडते. चालू मायएसक्यूएलच्या फाइली नुसत्या कॉपी करू नका, 'मायएसक्यूएलडंप'ला सिंगल ट्रान्झॅक्शनचा ऑप्शन देऊन काढा. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत परत आणून 'शा२५६सम'ने मूळ फाइलशी जुळवा. परत आणून पाहिलेला नसेल तर बॅकअप आहे असं संचालकांना सांगू नका.

आरएचसीएसए (रेड हॅटची सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची) परीक्षेसाठी कोणतं पुस्तक?

ज्यावर तुमच्या परीक्षेच्या रेड हॅट आवृत्तीचा आकडा स्पष्ट छापलाय ते. आठ, नऊ आणि दहाचे मुद्दे वेगवेगळे आहेत, म्हणून रेड हॅटची मुद्द्यांची यादी छापून घ्या आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशी एकेक ओळ लावून पाहा. परीक्षा तीन तासांची, सगळी प्रत्यक्ष मशीनवर. ३०० पैकी २१० लागतात. इंटरनेट नसतं, मॅन पेज असतात. रीबूटनंतर टिकलं नाही तर ते केलेलं धरत नाहीत, म्हणून प्रत्येक सरावानंतर मशीन रीबूट करून पाहायची सवय लावा. सरावाला रॉकी चालतं, आणि रेड हॅटचं स्वतःचं डेव्हलपर सबस्क्रिप्शनही वैयक्तिक वापरासाठी विनाशुल्क आहे.

शेल स्क्रिप्ट, पायथन, अँसिबल यांची पुस्तकं कधी?

शेल स्क्रिप्ट पहिल्या पुस्तकाबरोबरच. एकच काम तीन मशीनवर तेच तेच करायची वेळ आली की ते सगळीकडे एकदम करणारं अँसिबल. पायथन त्यानंतर, आणि पायथन २ वरचं पुस्तक अजिबात नको. त्याचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला.

कमांड नसलेली, काम कसं करावं सांगणारी पुस्तकं वाचावीत का?

नोकरीत पाच-सहा महिने झाल्यावर जरूर वाचा. टॉम लिमोनचेली, क्रिस्टिना होगन आणि स्ट्रॅटा चालुप यांचं 'द प्रॅक्टिस ऑफ सिस्टम अँड नेटवर्क अ‍ॅडमिनिस्ट्रेशन', तिसरी आवृत्ती २०१६. बदल करण्याआधी मागे कसं यायचं ते लिहून ठेवणं, तक्रारींची नोंद ठेवणं, शुक्रवारी संध्याकाळी अपग्रेड न करणं, अशा गोष्टी एकट्या माणसालाच जास्त लागतात.

नेटवर्किंगचं स्वतंत्र पुस्तक लागतं का?

सुरुवातीला नाही. वॉर्ड आणि नेमेथ यांच्यातली प्रकरणं पुरतात, फक्त सबनेटची गणितं कागदावर हाताने करा. /२६ मध्ये वापरता येणारे पत्ते किती, १९२.१६८.५६.७० कोणत्या नेटवर्कमध्ये येतो, हे कॅल्क्युलेटरशिवाय सांगता येईपर्यंत पुढे जाऊ नका. मग दोन्ही मशीनवर 'टीसीपीडंप' (नेटवर्कवरून जाणारं सगळं दाखवणारी कमांड) लावून एक पिंग आणि एक डीएनएस प्रश्न जाताना पाहा. त्यात दिसलेली प्रत्येक ओळ ओळखता आली नाही, तरच वेगळ्या पुस्तकाचा विचार करा.